आधीं तारूं, मग डोलकाठी

महोत्सवाच्या स्मरणपुस्तिकेंत मंदिराची पायाभरणी, धर्मगुरूंची नामावळी, शाळेची वाढ आणि निरनिराळ्या संघांचे अहवाल यांस स्थान असतें, आणि तें योग्यच आहे. परंतु आमचें धर्मग्राम समुद्रकांठचें. ज्या हातांनीं मंदिराच्या भिंतींसाठीं दगड वाहिले, त्याच हातांनीं वल्हीं मारलीं आणि शिडें उभारलीं. म्हणून ह्या मंगल प्रसंगीं त्या हातांच्या एका लहानशा पण फार जुन्या विद्येचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटलें. ती विद्या म्हणजे किनाऱ्यावर ओढलेलें तारूं समतल बसवून त्याची डोलकाठी नीट उभी आहे कीं नाहीं हें पारखणें. विषय प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. तथापि ह्या पारखेंत चूक झाली तर तिचें प्रायश्चित्त भर समुद्रांत द्यावें लागतें, हें ज्यांच्या घरांतून माणसें समुद्रावर गेलीं आहेत त्यांस सांगावयास नको.

आमच्या बाळपणची एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पावसाळा सरत आला होता. चार महिने झावळ्यांखालीं झांकून ठेवलेला एक मचवा वाळूवर मोकळा करून त्याची डोलकाठी पुन्हां उभी केली होती. सुतारानें काठीच्या शेंड्यावरून ओळंबा सोडला. ओळंब्याची दोरी खालीं येईपर्यंत काठीपासून दूर गेली. काठी डाव्या बाजूस चांगली वीतभर कललेली दिसली. सुतारानें वाकस हातीं घेतला. काठीच्या बुडाशीं असलेली पाचर तासून काठी उजवीकडे आणावी, असा त्याचा विचार होता. इतक्यांत एक वृद्ध तांडेल पुढें येऊन म्हणाला, "बाबा, जरा थांब. आधीं तारूं बघ, मग काठी बघ." त्यानें एक कळशी पाणी मचव्याच्या तळांत ओतावयास लावलें. पाणी धांवत जाऊन डाव्या कुशीस सांचलें. काठी आपल्या जागीं बरोबर होती. खालची वाळू एका बाजूनें खचून मचवाच डावीकडे कलला होता. चौघांनीं मिळून डाव्या कुशीखालीं फळ्या व पाचरी ठोकल्या, तळांतलें पाणी हळूहळू मध्यावर आलें, आणि पाचरीस हात न लावतां ओळंबा काठीच्या बुडाशीं येऊन थांबला.

त्या दिवशीं सुतारानें पाचर तासली असती तर किनाऱ्यावर ती काठी अगदीं ताठ दिसली असती, आणि पाण्यांत शिरतांच ती उजवीकडे वांकडी झाली असती. ओळंबा खोटें बोलला नव्हता. पृथ्वीच्या दृष्टीनें काठी कशी उभी आहे, एवढेंच तो सांगत होता. तारवाच्या दृष्टीनें ती कशी उभी आहे हा प्रश्न निराळा आहे, आणि तारूं समतल झाल्याशिवाय ह्या दोन प्रश्नांचें उत्तर एक होत नाहीं. आमच्या ह्या लेखाचें सार एवढेंच आहे. पुढें जें सांगावयाचें तें ह्याच वाक्याचा विस्तार होय.

ओळंबा हें मनुष्याच्या अति प्राचीन हत्यारांपैकीं एक आहे. इजिप्त देशांत राजांच्या थडग्यांचें काम करणाऱ्या कारागिरांचें एक गांव होतें. त्यास आज देर एल मदीना म्हणतात. तेथें सेन्नेजेम नांवाच्या कारागिराचें थडगें इ. स. १८८६ मध्यें उघडण्यांत आलें. हा मनुष्य ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकांतला. त्याच्या थडग्यांत गुण्या, उभ्या भिंतीसाठीं ओळंबा आणि समतल पाहण्यासाठीं त्रिकोणी लांकडी चौकट अशीं साधनें मिळालीं. ह्या चौकटीची युक्ति पाहण्यासारखी आहे. दोन तिरप्या पट्ट्या शेंड्याशीं जोडलेल्या, मध्यें एक आडवी पट्टी, आणि शेंड्यावरून लोंबणारा ओळंबा. दोरी आडव्या पट्टीच्या मध्यखुणेवर आली कीं खालची जागा समतल समजावी. म्हणजे आडवें पाहण्यासाठींही त्या काळीं उभ्या दोरीचाच आधार घेतला जात असे.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस ओळंबा अपरिचित नाहीं. आमोस संदेष्ट्यास झालेल्या दर्शनांत प्रभु हातीं ओळंबा धरून भिंतीजवळ उभा दिसतो. सरळ कोण व वांकडें कोण हें ठरविण्याचें साधन म्हणून गवंड्याचें हें हत्यार त्या काळच्या सामान्य जनांसही सहज समजत होतें, असा त्यावरून तर्क करण्यास हरकत नाहीं.

पुढें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत रोमन शिल्पज्ञ विट्रुविअस यानें आपल्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथांत पाणी आणण्याचे कालवे कसे पातळींत काढावे हें सांगतांना वीस फूट लांबीच्या एका फळीचें वर्णन केलें आहे. तिच्या दोन्ही टोंकांस पाय असून त्यांजवर ओळंबे सोडलेले असत. वाऱ्यामुळें ओळंबे हालत असतील तर काय करावें, हेंही त्यानें सांगून ठेविलें आहे: फळीच्या माथ्यावर पांच फूट लांबीची पन्हळ कोरून तींत पाणी भरावें, पाणी दोन्ही कडांस सारखें लागलें कीं फळी समतल झाली. आमच्या तांडेलानें विट्रुविअसचें नांवही ऐकलें नव्हतें. परंतु जेथें ओळंब्यावर पूर्ण विसंबतां येत नाहीं तेथें पाण्यास विचारावें, ही गोष्ट दोघांसही ठाऊक होती. आपल्या भाषेंत ह्या साधनास पाणसळ असें फार अर्थपूर्ण नांव आहे. आज गवंड्यांच्या हातीं जी कांचेच्या नळींतल्या बुडबुड्याची पाणसळ दिसते, ती मात्र बरीच अलीकडची. मेल्किसेदेक थेव्हनो नांवाच्या फ्रेंच विद्वानानें ती इ. स. १६६१ च्या सुमारास योजिली आणि नळींत पाण्याऐवजीं मद्यार्क भरला.

भिंतीला जें सोपें तें तारवास अवघड आहे. भिंत जमिनीवर उभी असते. तिचा पाया एकदां पातळींत आला कीं पुढें ओळंब्याचें काम. तारवास कोठेंच सरळ कोपरा नाहीं. त्याची प्रत्येक फळी वळलेली, कड मध्यें खालीं आणि दोन्ही टोंकांस वर उचललेली, तळ निमुळता. त्यांत खात्रीची अशी एकच रेषा असते. नाळेपासून पठाणावरून मागल्या खांबापर्यंत जाणारी ती मध्यरेषा होय, आणि डोलकाठीचें बूड ह्याच रेषेवर बसावयाचें असतें. म्हणूनच कीं काय, काठीच्या बुडाच्या खांचेविषयीं नाविकांस नेहमींच एक आदर वाटत आला आहे. इ. स. १९६२ मध्यें लंडन येथें टेम्स नदीच्या गाळांत ब्लॅकफ्रायर्स भागीं दुसऱ्या शतकांतील एक रोमन जहाज सांपडलें. त्याच्या डोलकाठीच्या खांचेंत डोमिशिअन बादशहाचें एक तांब्याचें नाणें ठेविलेलें होतें, आणि त्याच्या एका बाजूवर सुकाणू धरलेल्या भाग्यदेवतेची आकृति होती. बांधणाऱ्यानें तें नाणें काठीखालीं हेतुपुरस्सर घातलें होतें, हें उघड आहे. तारवाचें नशीब काठीच्या बुडाशीं ठरतें, असें त्या जुन्या लोकांस वाटत असावें.

मोजमापाच्या बेपर्वाईचें एक प्रसिद्ध उदाहरण स्वीडन देशांतलें आहे. राजा गुस्टाव्ह अडोल्फ याच्या आज्ञेवरून स्टॉकहोम येथें व्हासा नांवाचें ६४ तोफांचें युद्धजहाज बांधण्यांत आलें. मुख्य बांधणारा हेन्रिक हिबर्ट्सन हा डच गृहस्थ इ. स. १६२७ मध्यें काम अपुरें असतांनाच वारला. जहाज तयार होत आल्यावर त्याची स्थिरता पाहण्यासाठीं तीस माणसांस एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धांवावयास लावलें. तीनदां धांवतांच जहाज इतकें डोलूं लागलें कीं, तें उलटेल ह्या भीतीनें परीक्षाच थांबवावी लागली. तरीही ता. १० ऑगस्ट १६२८ रोजीं तें शिडें उभारून निघालें. वाऱ्याच्या एका झोतानें तें कललें, सांवरलें. दुसऱ्या झोतानें पुन्हां कललें, आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आंत शिरलें. सुमारें १३०० मीटर अंतर जाऊन तें बंदरांतच, लोकांच्या डोळ्यांदेखत बुडालें. सुमारें तीस माणसें मेलीं. चौकशी झाली, परंतु कोणासही शिक्षा झाली नाहीं.

हें जहाज ३३३ वर्षें तळाशीं राहून ता. २४ एप्रिल १९६१ रोजीं वर काढण्यांत आलें आणि आज स्टॉकहोमच्या संग्रहालयांत उभें आहे. त्याचें बारकाईनें मोजमाप करतांना एक विलक्षण गोष्ट आढळली. जहाजाच्या दोन कुशी सारख्या नाहींत. अवशेषांत सुतारांच्या चार मोजपट्ट्या मिळाल्या. त्यांतल्या दोन स्वीडिश फुटाच्या होत्या आणि दोन अॅम्स्टरडॅमच्या फुटाच्या. पहिला फूट बारा इंचांचा, दुसरा अकरा इंचांचा! एकाच गोदींत दोन निरनिराळ्या मापांनीं काम करणारे कारागीर असले म्हणजे प्रत्येकाचें काम त्याच्या स्वतःच्या पट्टीनें चोख, आणि तरीही एकत्र आल्यावर वांकडें, असें व्हावयाचें. व्हासा बुडण्याचें मुख्य कारण वरचें ओझें फार व तळ त्या मानानें अरुंद हें होतें; केवळ दोन कुशींतील फरकामुळें तें बुडालें असें म्हणतां यावयाचें नाहीं. परंतु ज्या जहाजाचें मध्य कोठें हेंच सर्वांच्या मतें एक नाहीं, त्यावर काठी कितीही चतुराईनें उभारली तरी ती कोणत्या मध्यावर आहे म्हणावें?

जहाज कललें असतां पुन्हां कां सांवरतें, ह्याचें गणित सांगणारा मोठा ग्रंथ पिएर बुगे ह्या फ्रेंच पंडितानें इ. स. १७४६ मध्यें प्रसिद्ध केला. योगायोग असा कीं, हाच बुगे पृथ्वीचा आकार मोजण्याच्या कामीं दक्षिण अमेरिकेंत गेला असतां इ. स. १७३८ मध्यें त्यानें चिंबोराझो पर्वताच्या कुशीस ओळंबा सोडून पाहिला होता, आणि पर्वताच्या आकर्षणानें ओळंबा किंचित् त्याच्याकडे ओढला जातो असें त्यास आढळलें होतें. हा फरक इतका सूक्ष्म कीं सुतारानें त्याची चिंता करण्याचें कारण नाहीं. परंतु ज्यानें तारवाचा तोल गणितांत मांडला त्यानेंच ओळंब्याचीही साक्ष तपासून घेतली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. पोर्तुगीज अमलांत वसई येथें जहाजें बांधलीं जात; मागचीं अरण्यें लांकडाचीं आणि खाडी सोयीची. इ. स. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यानें वसई घेतली. त्याच सुमारास, म्हणजे इ. स. १७३६ मध्यें, लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार आपल्या माणसांसह सुरतेहून मुंबईस आले होते. त्यांच्या देखरेखीखालीं मुंबईची पहिली सुकी गोदी इ. स. १७५० मध्यें पुरी झाली. सुकी गोदी म्हणजे काय, हें तरुण वाचकांसाठीं सांगतों. दगडी बांधणीचा एक खोल हौद. त्याच्या तळाशीं मध्यरेषेवर लांकडाचे ठोकळे एका पातळींत मांडलेले. भरतीच्या वेळीं जहाज आंत घ्यावयाचें, ओहोटीबरोबर पाणी उतरूं द्यावयाचें, आणि दार लावून उरलेलें पाणी काढून टाकावयाचें. पाणी उतरेल तसतसें जहाज सावकाश त्या ठोकळ्यांवर टेकतें आणि कुशींस लावलेल्या टेकूंनीं सांवरलें जातें. मुंबईस भरती-ओहोटीचें अंतर मोठें असल्यामुळें ही सोय तेथें उत्तम साधली. वाळूवर आमच्या तांडेलानें जें फळ्या व पाचरींनीं केलें, तेंच येथें दगड, ठोकळे व समुद्र यांच्या साह्यानें होत असे.

ह्याच घराण्यांतील जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं मलबारच्या सागवानाचें बांधलेलें त्रिंकोमाली नांवाचें युद्धजहाज ता. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं मुंबईस पाण्यांत उतरलें. तें आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें जतन केलेलें पाहावयास मिळतें. एवढ्या मोठ्या जहाजांच्या काठ्या बहुधा जहाज पाण्यांत उतरल्यावर उभारीत. पाण्यावर जहाज क्षणभरही स्थिर नसतें, म्हणून तेथें ओळंब्याचें फारसें चालत नाहीं. मग काठीचा कल कसा ठरवीत? तक्त्याला काठीसाठीं पाडलेलें भोंक काठीपेक्षां मोठें ठेवीत आणि भोंवतालच्या फटींत लांकडी पाचरी ठोकीत. पुढची पाचर काढून मागें ठोकली कीं शेंडा पुढें झुकतो. डाव्या-उजव्या पाचरींचेंही तसेंच. सारी मापें जहाजाच्या स्वतःच्या मध्यरेषेपासून व पठाणापासून घ्यावयाचीं, आकाशापासून नव्हेत, हा त्या कामाचा नियम.

आतां लहान शिडाच्या होडीची परीक्षा किनाऱ्यावर कशी करावी, हें क्रमानें सांगतों. ही रीत कोणत्याही एका देशाची नाहीं. आपल्याकडील आणि परदेशांतील नाविक थोड्याफार फरकानें हीच वापरतात.

पहिली गोष्ट होडी पाण्यांत असतांनाच करावयाची. वारा पडलेला असावा, नेहमींचें सामान नेहमींच्या जागीं असावें, माणसांनीं मध्यावर स्थिर बसावें, आणि दुसऱ्या लहान होडींतून कोणीतरी नाळेवर, मागल्या टोंकावर व दोन्ही कुशींवर पाणी जेथें लागतें तेथें खुणा कराव्या. होडी पाण्यावर कशी तरंगते ह्याची ही तिची स्वतःची साक्ष होय. रंगविलेल्या पट्ट्यावर विसंबूं नये. रंगाऱ्याच्या डोळ्यानें काढलेली रेषा पुष्कळदां एकीकडे चढलेली असते. वरच्या कडेवर तर मुळींच विसंबूं नये. दुरुस्तींत नवी फळी बसली असली म्हणजे दोन कडा सारख्या राहिल्या असतील असा भरंवसा नाहीं.

दुसरी गोष्ट होडी बसविण्याची. जागा घट्ट असावी. सारें वजन पठाणानें खालच्या ठोकळ्यांवर द्यावें. कुशींचे टेकू होडी आडवी होऊं नये एवढ्यापुरतेच, वजन पेलण्यासाठीं नव्हेत. प्रत्येक टेकूखालीं रुंद फळी घालावी, आणि समोरासमोरचे टेकू पठाणाखालून दोरीनें एकमेकांस बांधावे, म्हणजे ते बाहेर सरकत नाहींत. होडी टेकूंवर असतांना कोणीही डोलकाठीवर चढूं नये. पाण्यांत होडी कलते व पुन्हां सांवरते. जमिनीवर ती कलली म्हणजे पडतेच.

तिसरी गोष्ट समतल करण्याची. एक लांब पारदर्शक नळी घ्यावी व तींत पाणी भरावें; आंत बुडबुडे राहूं देऊं नयेत. नळीचें एक टोंक डाव्या कुशीवरील खुणेशीं व दुसरें उजव्या खुणेशीं धरावें. दोन्हीकडे पाणी खुणेस लागेपर्यंत पाचरी कमीजास्त कराव्या. नंतर हेंच नाळ व मागलें टोंक यांच्या खुणांबाबत करावें. ह्या कामीं उतावीळ करूं नये, कारण खालीं झालेली लहान चूक वर मोठी होते. होडीची रुंदी आठ फूट आणि काठीची उंची तीस फूट धरा. एक कुशी दुसरीपेक्षां फक्त एक इंच खालीं राहिली तर शेंड्यापाशीं तीच चूक पावणेचार इंच दिसते. सुतार ते पावणेचार इंच काठीचा दोष समजून काढावयास जातो, आणि नसलेला दोष कायमचा उत्पन्न करून ठेवतो.

चौथी गोष्ट मध्यरेषेची. नाळेपासून मागल्या खांबाच्या मध्यापर्यंत सुतळी ताणावी व काठीचें बूड तिच्यावर आहे कीं नाहीं हें पाहावें. मग नाळेच्या एकाच खुणेपासून, काठीचे आधारदोर ज्या कड्यांस बांधतात त्या डाव्या व उजव्या कड्यांपर्यंतचें अंतर मोजावें. दोन्ही अंतरें सारखीं नसलीं तर कडींच चुकीच्या जागीं आहेत. काठीस दोष देण्यांत अर्थ नाहीं.

आतां काठी. शीड चढविण्याची दोरी शेंड्यावरून खालीं येते. तिचें टोंक डाव्या कड्यापर्यंत ताणून नेमकें जेथें टेकतें तेथें दुसरी बाजू पक्की बांधावी. मग तीच दोरी, तितक्याच ताणानें, उजव्या कड्याकडे न्यावी. तेथेंही ती नेमकी टेकली तर शेंडा मध्यावर आहे. कमी पडली तर शेंडा डावीकडे झुकला आहे, सैल राहिली तर उजवीकडे. ह्या परीक्षेस होडी समतल असण्याची गरज नाहीं, कारण येथें माप होडीच्या होडीशींच घेतलें जातें. त्यानंतर भल्या पहाटे, वारा उठण्यापूर्वी, शेंड्यावरून ओळंबा सोडावा; त्याचें वजन पाण्याच्या बादलींत बुडालेलें ठेवावें, म्हणजे झोके लवकर थांबतात. दोरीची साक्ष होडीची आणि ओळंब्याची साक्ष पृथ्वीची. दोन साक्षींच्या मुखें गोष्ट शाबीत व्हावी, असें शास्त्र सांगतें. येथेंही दोन्ही साक्षी जुळल्या तरच काठी बरोबर समजावी. न जुळल्यास पाचरीस हात लावण्यापूर्वी पुन्हां पाणसळीकडे जावें.

शेवटीं काठीच्या बुडाशीं गाल टेकवून वर पाहावें. काठी कललेली असणें निराळें आणि वांकलेली असणें निराळें. कललेली काठी सरळच असते, फक्त तिचा रोख चुकतो. वांकलेल्या काठीस मध्येंच पोट येतें आणि तें आधारदोरांच्या ताणानें काढावें लागतें. दोन्ही दोषांवर एकच उपाय करणारे पुष्कळ असतात, आणि ते एकाच्या जागीं दोन दोष करून बसतात.

आतांपर्यंत डाव्या-उजव्या बाजूंचा विचार झाला. पुढें-मागें काठी उभीच असावी असा नियम नाहीं. आपल्या किनाऱ्यावरील पतेमारीची काठी पुढें झुकलेली असे. तिच्या लांब, जड परबाणास काठीपासून मोकळें लोंबतां यावें आणि शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस फिरवितां यावें, यासाठीं तो कल सोयीचा. उलट पाश्चात्य धर्तीच्या लहान शिडाच्या होड्यांची काठी बहुधा किंचित् मागें झुकविलेली असते. तीस फूट उंचीच्या काठीच्या शेंड्यावरून सोडलेला ओळंबा बुडाच्या एक फूट मागें पडला, तर तो कल सुमारें दोन अंशांचा जाणावा. एखादा परका मनुष्य पतेमारी पाहून म्हणेल कीं हिची काठी वांकडी आहे. ती वांकडी नाहीं. ती आपल्या कामाच्या मानानें सरळ आहे. परंतु हा कल मुद्दाम दिलेला कीं चुकून आलेला, हें समजण्यासही आधीं होडी समतलच हवी.

किनाऱ्यावर ठेवलेलें तारूं स्वस्थ पडलें आहे असें आपणांस वाटतें. तेंही खरें नाहीं. इंग्लंडांत पोर्ट्समथ येथील व्हिक्टरी हें इ. स. १७६५ मध्यें पाण्यांत उतरलेलें प्रसिद्ध जहाज इ. स. १९२२ पासून सुक्या गोदींत उभें आहे. पाण्यांत असतांना समुद्र त्यास सर्व बाजूंनीं सारखा उचलून धरीत असे. गोदींत तें मोजक्या लोखंडी आधारांवर टेकलें, आणि दशकानुदशकें आपल्याच वजनानें खचत गेलें. इ. स. २०११ मध्यें वरचीं काठ्यांचीं जोडकामें उतरवून भार हलका करण्यांत आला. पुढें जुन्या आधारांच्या जागीं १३४ नवे टेकू देण्यांत आले, आणि कोणत्या टेकूवर किती वजन येतें हें सतत मोजलें जाऊं लागलें. समुद्राचें एक काम करण्यास १३४ टेकू लागले! म्हणून किनाऱ्यावर केलेली काठीची परीक्षा ही शेवटची नव्हे. होडी पाण्यांत गेल्यावर फळ्या पाणी पिऊन फुगतात, अंग पुन्हां आपला आकार घेतें. तेव्हां आधारदोर सैल करून दोन्ही बाजूंस सारखे ताणून घ्यावे लागतात.

वाचकहो, आमच्या किनाऱ्यावर स्वातंत्र्योत्तर काळांत यंत्रें आलीं आणि शिडें हळूहळू उतरलीं. त्यांत दुःख मानण्याचें कारण नाहीं. यंत्रामुळें वादळापुढें घरीं पोहोंचतां येऊं लागलें, आणि पुष्कळ मुलांचे बाप त्यामुळें वांचले. परंतु काठीबरोबर काठी पारखणारी नजरही जात आहे. जे तांडेल व सुतार वाकसाच्या एका घावाआधीं तारवास प्रश्न विचारीत, ते एकेक करून आमच्या स्मशानभूमींत विसांवले. त्यांनीं आपली मापें कागदावर लिहून ठेवलीं नाहींत. ती त्यांच्या वितींत, हातांत आणि डोळ्यांत होतीं, आणि त्यांच्याबरोबर गेलीं. व्हासाच्या सुतारांच्या मोजपट्ट्या तीन शतकें गाळांत राहून तरी मिळाल्या. आमच्यांच्या वितीची लांबी आतां कोणास सांगतां येणार आहे?

म्हणून ह्या महोत्सवाच्या निमित्तानें आमची एक विनंति आहे. ज्यांच्या घरीं अजून असा एखादा वृद्ध आहे, त्यांनीं त्याच्याजवळ बसून कोणत्या तारवाची काठी किती झुकवीत, खांच कोठें घेत, पाचर कोणत्या लांकडाची करीत, हें विचारून लिहून घ्यावें, आणि ज्या पडवींत जुनी पाणसळ किंवा ओळंबा पडला असेल त्यांनीं तो भंगारांत घालूं नये. मंदिराच्या दस्तऐवजांत बाप्तिस्म्यांची व लग्नांची नोंद आहे. ह्या विद्येची नोंद कोठेंच नाहीं.

त्या दिवशीं वाळूवरचा मचवा समतल झाल्यावर वृद्ध तांडेल तळांतलें पाणी हातानें चाचपून पाहत होता. तें मध्यावर निश्चल होतें. त्यानें वर काठीकडे पाहिलेंही नाहीं. सुतारानें ओळंबा गुंडाळला, वाकस पिशवींत घातला, आणि दोघे शिडाचीं ठिगळें पाहावयास निघून गेले.